रिफच्या डोंगरातलं बेल्दिया: एका गावरान वाणाची पीछेहाट आणि परतीची वाट

मोरोक्कोच्या उत्तरेला, भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने रिफची डोंगररांग जाते. उताराची हलकी, धुपून गेलेली माती, हिवाळ्यात पाऊस आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. या डोंगरात कित्येक पिढ्या भांगेचं एक गावरान वाण पिकत आलं. तिथले लोक त्याला बेल्दिया म्हणतात. 2000 नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत संकरित वाणांनी त्याला बहुतेक शेतांतून हुसकलं. 2021 मध्ये मोरोक्कोने या पिकाच्या कायदेशीर लागवडीचा कायदा केला, पण पहिल्या हंगामाला बियाणं आलं ते परदेशातून. आणि मग 2024 मध्ये बेल्दियाला सरकारी परवान्यात जागा मिळाली. गावरान वाण पैदासकाराला नेमकं काय देतं आणि ते हातचं जायला किती थोडा काळ पुरतो, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. म्हणून त्याची ही सविस्तर मांडणी.

आपल्याकडे पानांना भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याला गांजा आणि त्यावरच्या राळेला चरस म्हणतात. झाड एकच, कॅनाबिस सॅटायव्हा. पुढे झाडाचा उल्लेख भांग असाच केला आहे.

वाण कसं आहे

बेल्दियाची पेरणी हिवाळा सरता सरता होते. बी हाताने फोकतात, तेही दाट. त्यामुळे झाडं सडपातळ, सरळसोट वाढतात, फांद्या फारशा फुटत नाहीत. पावसाच्या ओलीवर रोप उभं राहतं आणि उन्हाळा अंगावर येईपर्यंत फुलोऱ्याला लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये काढणी उरकते. पाणी द्यावं लागत नाही. कोरडवाहू शेती ज्यांनी केली आहे त्यांना यातली खुबी लगेच कळेल: हे झाड दुष्काळाशी झुंजत बसत नाही, दुष्काळ यायच्या आत आपलं काम आटोपतं. पैदासशास्त्रात याला अवर्षण चुकवणं म्हणतात. हा गुण एखाद्या जनुकाचा नसतो. पेरणीची वेळ, दिवसाच्या लांबीला फुलोऱ्याने दिलेला प्रतिसाद, मुळांची वाढ, असं सगळं पिढ्यानपिढ्या एकमेकांशी जुळत गेलेलं असतं.

भांगेत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. परागकण वाऱ्याने जातात. गुणसूत्रांच्या दहा जोड्या आणि त्यांतली एक, माणसासारखी, लिंग ठरवणारी. बेल्दियाच्या शेतात नर आणि मादी एकत्र उभे असतात, म्हणून काढलेलं पीक बियांनी भरलेलं असतं. या बियांतूनच पुढच्या वर्षीचं बियाणं निघतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. गहू किंवा भात स्वपरागी आहेत, त्यामुळे त्यांच्या गावरान वाणातून चांगलं कणीस निवडलं की त्याची ओळ तशीच पुढे चालते. भांगेत तसं होत नाही. प्रत्येक बी दोन वेगळ्या झाडांचं अपत्य असतं. बेल्दिया म्हणजे एकसारख्या झाडांचं वाण नव्हे, तो एक जिवंत समूह आहे. उंच-बुटकी, लवकर-उशिरा येणारी, राळ जास्त-कमी देणारी झाडं एकाच शेतात असतात आणि दरवर्षी त्यांच्यात नव्याने मिसळण होते. मूठभर झाडांपासून बी धरलं तर दोन-तीन पिढ्यांत जोम घटतो. वाण टिकवायचं तर झाडांची संख्या टिकवावी लागते.

रासायनिक बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जुन्या मोरोक्कन चरसमध्ये नशा आणणारं टीएचसी आणि नशा न आणणारं सीबीडी, दोन्ही असत. यामागची आनुवंशिकता 2003 मध्ये एटिएन द मेयर आणि सहकाऱ्यांनी उलगडली. झाड टीएचसीचं होणार, सीबीडीचं होणार की दोन्हींचं, हे मुख्यतः एकाच ठिकाणच्या जनुकाच्या दोन रूपांवर ठरतं, आणि दोन्ही रूपं एकत्र आली की झाड मिश्र होतं. याचा अर्थ असा, की ज्या समूहात ही दोन्ही रूपं फिरती आहेत, त्यातून नुसत्या निवडीने सीबीडीची ओळ काढता येते. बाहेरून काही आणावं लागत नाही.

डोंगर, किफ आणि चरस

रिफमध्ये भांग पिकवण्याची परवानगी 1890 मध्ये सुलतान हसन पहिला याने केतामाच्या परिसरातल्या पाच गावांना दिली होती. पुढे स्पॅनिश अमलातही ती चालू राहिली. 1956 मध्ये देश स्वतंत्र झाला आणि बंदी आली, पण डोंगरात दुसरं पीक पोट भरेल असं नव्हतं, म्हणून सरकारने बराच काळ काणाडोळा केला. तोवर वापर स्थानिक होता: फुलोरा बारीक चिरून, तंबाखूत मिसळून, सेब्सी नावाच्या लांब चिलमीतून ओढायचा. यालाच किफ म्हणत. 1960 च्या दशकापासून युरोपातून प्रवासी येऊ लागले आणि किफची जागा चरसने घेतली.

मोरोक्कोचा चरस आपल्या हिमालयासारखा हातावर चोळून निघत नाही. वाळलेली झाडं एका पातेल्यावर ताणून बांधलेल्या बारीक कापडावर पसरतात, वर प्लास्टिक झाकतात आणि दोन काठ्यांनी ढोल बडवावा तसं बडवतात. राळेची भुकटी कापडातून खाली गळते आणि बिया, काड्या वर राहतात. पहिल्या बडवणीची भुकटी सर्वांत चांगली, नंतरची कमी प्रतीची. वर उरलेल्या बिया पुढच्या हंगामासाठी बाजूला ठेवल्या जात. चरस निघायचा त्याच कामात बियाणंही निघायचं. संकरित वाणांनी नेमकी हीच साखळी तोडली.

संकरित आलं

1960-70 च्या दशकांत अफगाणिस्तान, भारत, थायलंड, कोलंबिया, मेक्सिको इथली गावरान बियाणी प्रवाशांच्या सामानातून कॅलिफोर्नियात आणि पुढे नेदरलँड्समध्ये पोचली. तिथे त्यांचे संकर झाले. स्कंक नंबर वन या प्रसिद्ध वाणाच्या वंशावळीत अफगाण, कोलंबियन आणि मेक्सिकन रक्त असल्याचं सांगितलं जातं. आज जगभर विकल्या जाणाऱ्या शेकडो नावांच्या मुळाशी अशीच थोडी गावरान घराणी आहेत. त्यांच्याच वंशजांनी पुढे ठिकठिकाणच्या गावरान वाणांना शेताबाहेर काढलं.

यातला एक दुवा भारतातला आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. 1982 मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या एच. वाय. मोहन राम आणि आर. सेट यांनी दाखवून दिलं, की मादी झाडावर चांदीच्या संयुगांचा वापर केला तर त्याला सुपीक नर फुलं येतात. या परागाने दुसऱ्या मादीला फळवलं तर त्या बियांतून जवळपास सगळी झाडं मादीच निघतात. लिंगनिश्चितीच्या अभ्यासातलं हे मोलाचं काम होतं. पुढे बियाणं विकणाऱ्यांनी याच तत्त्वावर 'फेमिनाइज्ड' बियाणं बाजारात आणलं. शेतात नर नाही म्हणजे बी धरत नाही, आणि झाडाची सगळी ताकद राळेत जाते. उत्पन्न वाढतं, पण पुढच्या वर्षी पेरायला घरात काही उरत नाही. संकरित कापसाचं पाकीट दरवर्षी विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

रिफमध्ये साधारण 2000 नंतर संकरित वाणं शिरली. त्यांतलं सर्वांत पसरलेलं खर्दाला. संयुक्त राष्ट्रांनी मोरोक्को सरकारसोबत केलेल्या 2003 च्या पाहणीत 1,34,000 हेक्टरवर भांग आढळली होती आणि सुमारे 8 लाख लोकांचं पोट तिच्यावर होतं. पुढच्या दशकात सरकारी आकड्यांनुसार क्षेत्र 50,000 हेक्टरच्या आत आलं, पण बाजारातल्या चरसची आवक त्या मानाने घटली नाही. या भागाचा अभ्यास करणाऱ्या पिएर-अर्नो शुव्ही आणि केन्झा अफसाही यांनी 2014 मध्ये याचं कारण मांडलं: कमी जमिनीत जास्त राळ देणारी संकरित वाणं. युरोपात जप्त होणाऱ्या चरसमधलं टीएचसीचं प्रमाणही सरासरी 20 टक्क्यांच्या आसपास गेलं आणि जुन्या चरसमधलं सीबीडी जवळपास दिसेनासं झालं.

याची किंमत पाण्याने मोजली. खर्दाला उशिरा लावतात आणि तिची काढणी शरद ऋतूत येते, म्हणजे भर उन्हाळ्यात तिला पाणी हवंच. झऱ्यांना नळ्या लागल्या, डोंगरात प्लास्टिक अंथरलेली तळी खोदली गेली, ठिबक आलं, विहिरी खोल गेल्या. ज्याच्याकडे पाणी आणि भांडवल, त्याची शेती फायद्यात. जिरायतवाला एकतर त्याचा मजूर झाला किंवा मागे पडला. जिरायत पिकाचं बागायत पीक झालं की गावातली सत्ता कुणाकडे सरकते, हे मराठवाड्याने उसाच्या निमित्ताने पाहिलं आहे.

वारा कुणाचं ऐकत नाही

बेल्दिया मागे पडण्यात एक कारण असं आहे जे शेतकऱ्याच्या हातात नाही. भांगेचा पराग अतिशय हलका असतो. 1990 च्या दशकात स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर हवेतल्या परागकणांची मोजणी चालू होती, तेव्हा तिथल्या संशोधकांना भांगेचे परागकण समुद्रापलीकडून, उत्तर आफ्रिकेतून वाऱ्यावर येताना सापडले. समुद्र ओलांडणाऱ्या परागाला शेजारच्या बांधाची काय मातब्बरी? एका खोऱ्यात दहा शेतकरी संकरित बियाणं लावतात, त्यांतली काही झाडं नर निघतात किंवा मादीवर तुरळक नर फुलं येतात, आणि अकराव्याचं जपलेलं बियाणं भेसळलं जातं. झाड पहिली काही वर्षं बेल्दियासारखंच दिसतं. कळतं तेव्हा, जेव्हा ते पाण्यावाचून सुकू लागतं.

जॉन मॅकपार्टलँड आणि अर्नेस्ट स्मॉल यांनी 2020 मध्ये दक्षिण आणि मध्य आशियातल्या गावरान भांगेचं वर्गीकरण मांडताना हाच इशारा दिला. हिमालय आणि अफगाणिस्तानकडच्या समूहांना त्यांनी संकटग्रस्त म्हटलं आणि कारण सांगितलं ते आधुनिक संकरित वाणांशी होणाऱ्या मिसळणीचं. माझ्या मते हा धोका जंगलतोडीपेक्षा कपटी आहे, कारण शेत हिरवंच दिसत राहतं.

कायदा आणि पहिला हंगाम

डिसेंबर 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने भांगेला 1961 च्या करारातल्या सर्वांत कडक यादीतून काढलं. मतदान 27 विरुद्ध 25 असं काठावरचं होतं. बाजूने पडलेल्या 27 मतांत मोरोक्कोचं होतं आणि भारताचंही. पाठोपाठ 2021 मध्ये मोरोक्कोने 13-21 क्रमांकाचा कायदा केला: अल होसेइमा, शेफशाउएन आणि ताउनात या तीनच प्रांतांत, सहकारी संस्थांमार्फत, औषधी आणि औद्योगिक वापरासाठी लागवड. देखरेखीला एक स्वतंत्र सरकारी संस्था. औद्योगिक मालाला टीएचसीची मर्यादा 1 टक्का.

पहिला कायदेशीर हंगाम 2023 चा. 32 सहकारी संस्था, 416 शेतकरी, 294 टन माल. बियाणं मात्र परदेशातून आणलेलं, प्रमाणित. प्रशासनाच्या बाजूने पाहिलं तर निर्णय समजण्यासारखा आहे. प्रमाणित बियाण्याचं टीएचसी कागदावर असतं, खरेदीदार कारखान्याला एकसारखा माल मिळतो, तपासनिसाला काम सोपं जातं. पण मोरोक्को तेव्हा सलग अवर्षणाच्या वर्षांतून जात होता आणि ही वाणं दुसऱ्या हवापाण्यात तयार झालेली. जो शेतकरी आजोबांपासून हेच पीक घेत आला, त्याला कायद्याच्या दारातून आत यायचं तर स्वतःचं बियाणं बाहेर ठेवून यावं लागत होतं. या धोरणातली ही मोठी चूक होती असं मी स्पष्ट म्हणेन.

2024 मध्ये ती दुरुस्त झाली. बेल्दियाच्या लागवडीला परवाने मिळाले, बाकी परवानेही वाढले, आणि त्या वर्षीचं कायदेशीर उत्पादन 4,000 टनांपुढे गेलं. त्याच ऑगस्टमध्ये राजाने भांग पिकवल्याच्या खटल्यांत अडकलेल्या 4,831 जणांना माफी दिली. ज्यांच्याकडे हे बियाणं आणि त्याची जाण होती, तेच लोक तोवर फरारी किंवा आरोपी होते. त्यांना उजेडात आणल्याशिवाय वाण उजेडात येणार नव्हतं.

पैदासकार इथे काय करू शकतो

परवाना मिळाला म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. कारखान्याला सीबीडी हवं आणि टीएचसी 1 टक्क्याच्या आत हवं. बेल्दियाच्या मिश्र समूहात असं झाड असतं, पण शेजारी टीएचसीचं झाडही असतं. निवड करावी लागेल. तिची रीत अशी: आजूबाजूला दुसरी भांग नाही असं खोरं शोधायचं. भरपूर रोपं लावायची. टीएचसी आणि सीबीडी यांचं गुणोत्तर जनुकांनी ठरलेलं असल्याने ते कोवळ्या पानांतही तपासता येतं, म्हणून फुलोऱ्याच्या आधीच नको ती रोपं उपटायची, नरही आणि मादीही. नर तपासायचा कंटाळा केला तर निम्मं काम वाया जातं, कारण पुढच्या पिढीची अर्धी जनुकं त्याच्याकडून येतात. उरलेल्या झाडांना मोकळेपणी आपसांत फळू द्यायचं आणि हे काही पिढ्या करायचं.

आता मर्यादेच्या आकड्याबद्दल. शुद्ध सीबीडीचं झाडही थोडं टीएचसी बनवतंच, कारण त्याचं विकर (एन्झाइम) शंभर टक्के नेमकं काम करत नाही. सीबीडी टीएचसीच्या साधारण 20 ते 30 पट असतं. म्हणजे 0.3 टक्क्याची मर्यादा घातली तर सीबीडी 6 ते 9 टक्क्यांच्या वर नेता येत नाही. 1 टक्का ठेवला तर 20 टक्क्यांपर्यंत जागा राहते. 0.3 आणि 1 मधला फरक दिसायला किरकोळ, पण गावरान समूहातली किती झाडं जगू द्यायची आणि किती उपटायची, हे त्यावर ठरतं.

माझी खरी काळजी इथेच आहे. निवड जितकी कडक, तितका समूह अरुंद. टीएचसीच्या नादात उरलेल्या पन्नास-साठ झाडांसोबत अवर्षण चुकवण्याचा गुण पुरता येईलच असं नाही. म्हणून दोन कामं वेगळी ठेवावी लागतील. एकीकडे बेल्दियामधून बाजाराला लागणाऱ्या ओळी निवडाव्यात. दुसरीकडे मूळ समूह, काहीही न निवडता, निरनिराळ्या खोऱ्यांत शेतकऱ्यांच्या हातून पेरत राहावा आणि प्रत्येक खोऱ्याचं बी शीतगृहातही ठेवावं. भांगेचं बी तेलकट असतं, साध्या तापमानाला काही वर्षांतच त्याची उगवण घसरते. तांदूळ-गव्हाला आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थांच्या बियाणेपेढ्या आहेत. भांगेला बंदीमुळे तसं छत्र मिळालं नाही. सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेचा संग्रह मोठा आहे, पण तो मुख्यतः धाग्याच्या वाणांचा.

आपल्या दारातला प्रश्न

ब्रिटिश सरकारने 1893-94 मध्ये नेमलेल्या भांग आयोगाच्या अहवालात मुंबई इलाख्यातल्या नगर जिल्ह्याच्या गांजाशेतीची नोंद आहे. म्हणजे हे पीक महाराष्ट्राच्या कोरडवाहू मातीला परकं नव्हतं. आज 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखाली गांजाची लागवड गुन्हा आहे, पण त्याच कायद्याचं 14 वं कलम धागा आणि बियांसाठी लागवडीला परवानगी देण्याची मुभा ठेवतं. तिचा आधार घेत उत्तराखंडने 2018 मध्ये औद्योगिक लागवडीचं दार उघडलं, मर्यादा 0.3 टक्के. तिथल्या पहाडी घरांत भांगेच्या बियांची चटणी रोजच्या जेवणात असते आणि झाडाच्या सालीच्या धाग्याचं जाडंभरडं कापड विणण्याची जुनी परंपरा आहे. हिमाचल सरकारनेही जानेवारी 2025 मध्ये कृषी विद्यापीठांच्या मदतीने प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली.

या दोन्ही राज्यांपुढे मोरोक्कोची 2023 ची निवड उभी आहे: बाहेरचं कमी-टीएचसी बियाणं आणायचं, की डोंगरातल्या समूहांतून स्वतःचं काढायचं. हिमालयातल्या कित्येक गावठी झाडांचं टीएचसी 0.3 च्या वर जातं, त्यामुळे पहिला रस्ता सोपा वाटेल. पण परदेशी बियाण्याचा पराग खोऱ्यात एकदा सुटला की तो परत बोलावता येत नाही. परवाने वाटण्याआधी खोऱ्याखोऱ्यांतलं बी गोळा करून राष्ट्रीय जनुकपेढीत ठेवणं, हे पहिलं काम असायला हवं.

मालकीचा मुद्दा याला जोडूनच येतो. मोरोक्को 2006 पासून वाणसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, युपॉव्हचा सदस्य आहे, आणि त्या चौकटीत वाण नोंदवायचं तर ते एकसारखं असावं लागतं. बेल्दियाचा समूह त्यात कधीच बसणार नाही. त्यातून निवडलेली एकसारखी ओळ मात्र बसेल, आणि ती ज्याने निवडली त्याच्या नावावर होईल. भारताचा 2001 चा वाणसंरक्षण कायदा इथे बराच पुढे आहे. त्यात शेतकऱ्यांचं वाण असा स्वतंत्र वर्ग आहे आणि त्याला एकसारखेपणाची अट सैल केलेली आहे. चमोली किंवा कुल्लूच्या शेतकऱ्यांनी आपल्या गावठी भांगेची नोंद या वर्गात मागितली, तर अमली पदार्थ कायदा आणि वाणसंरक्षण कायदा यांना पहिल्यांदाच समोरासमोर बसून उत्तर द्यावं लागेल. हा अर्ज कंपन्यांच्या अर्जांआधी जाणं गरजेचं आहे.